आधी वही, मग रोझरी



लूकच्या शुभवर्तमानातला लबाड कारभाऱ्याचा दृष्टांत रविवारच्या मिस्सेत तीन वर्षांतून एकदाच वाचला जातो, आणि तो येतो सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. आमच्या खानापूर भागात तेव्हा भात पोटरीत असतं. अंग चर्चमध्ये आणि मन बांधावर, अशी बऱ्याच जणांची गत असते. त्यामुळे मालक कारभाऱ्याला बोलावून हिशेब मागतो, तो कारभारी घाबरतो आणि कुळांना बोलावून घेतो, एवढंच आमच्या कानावर पडायचं. पुढे फादर त्याचा अर्थ सांगायचे तोवर आमचं मन शेताची फेरी मारून यायचं.

पण अलीकडे तो दृष्टांत ऐकताना एक गोष्ट आम्हांला फार जाणवते. तो कारभारी लबाड होता, तरी त्याच्याकडे कागद होते. कोणाकडे शंभर माप तेल, कोणाकडे शंभर माप गहू, हे सगळं लिहिलेलं होतं. म्हणून तर शंभराचे पन्नास आणि शंभराचे ऐंशी करता आले. आमच्या घरी मालकाने हिशेब मागितला असता तर खोटा करायलासुद्धा आमच्याकडे हिशेब नव्हता.

आम्ही म्हणजे आम्ही दोघं, नवरा-बायको. साडेतीन एकर शेती. विहिरीच्या तुकड्यात ऊस, ओढ्याकाठी दीड एकर भात, माळावर पावसाळ्यात रताळी. गोठ्यात तेव्हा एक गाय होती. धर्मग्रामात आम्ही दोघंही सेवेला असतो. मिस्सा झाल्यावर दानाचे पैसे मोजायला आमची पाळी आली की सॅक्रिस्टीत टेबलाशी बसतो. नाणी वेगळी, नोटा वेगळ्या, दोघांनी दोनदा मोजायच्या, कागदावर आकडा लिहायचा, खाली दोघांच्या सह्या. सणाचा जमाखर्च चर्चच्या दाराशी लावतात तेव्हा पेंडॉलवाल्याच्या बिलात दोनशे रुपयांचा फरक पडला तरी आम्हीच पहिले विचारणारे. देवाच्या पैशाला दोन सह्या आणि घरच्या पैशाला एकही नाही, असा आमचा कारभार होता. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, त्यामुळे सरकारही कधी वही दाखव म्हणायला आलं नाही.

बाबांचं सगळं डोक्यात असे. कोणत्या साली कोणत्या तुकड्यात किती पोती भात झालं, कोणाचे किती देणं राहिलंय, विहिरीची मोटर कधी बांधून आणली, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत. भिंतीवर मिशनचं कॅलेंडर होतं, त्यावर पेन्सिलीने रेघा, गोल, फुल्या असत. त्या खुणा त्यांच्याशिवाय कोणाला कळत नसत आणि आम्हांला त्या कळून घ्यायची गरजही कधी वाटली नाही. बाबा होते ना.

बाबा ऑगस्टमध्ये गेले. लावण नुकतीच आटोपली होती. महिन्याच्या मिस्सेनंतर घरी जेवण होतं. सगळी पांगली तरी वरच्या गल्लीतली अक्का ओसरीच्या पायरीवर बसून राहिली. ही अक्का वीस वर्षांपासून आमच्या शेतात कामाला येते. आमची मुलं तिच्या मांडीवर खेळलेली. ती हळूच म्हणाली, "वैनी, तेवढं लावणीचं राहिलंय. चौदा दिस."

चौदा दिवस ऐकून आम्ही एकमेकांकडे बघितलं. दीड एकर भाताच्या लावणीला एका बाईचे चौदा दिवस कुठून येणार? आम्ही बोटांवर मोजलं. तिच्याबरोबर येणाऱ्या दुसऱ्या एकीला विचारलं, ती म्हणाली, आठ-नऊ दिवस असतील. दवाखान्याचं आणि दफनाचं सगळं मिळून हात तेव्हा अगदी रिकामे झाले होते, हेही खरं. आम्ही नऊ दिवसांचे पैसे दिले. अक्काने ते पदराच्या टोकाला बांधले, "बरं" म्हणाली आणि गेली. भांडली नाही, रडली नाही. त्यामुळे तर आमची खात्रीच झाली. रात्री आम्ही आपसांत काय बोललो तेही लिहायला हवं, नाहीतर या लेखाला अर्थ नाही. आम्ही म्हणालो, माणूस गेलं की मागणारे असे येतातच.

नाताळच्या आधी घर झाडायला काढलं. बाबांच्या ट्रंकेच्या तळाला कॅलेंडरची पानं अंथरलेली होती. बाबांची सवयच ती, महिना संपला की पान फाडायचं आणि कुठे तरी कामाला लावायचं. दवाखान्यात जायच्या आधी त्यांनीच जुलैचं पान तिथे घातलं असणार. त्या पानावर गड्यांच्या रेघा होत्या आणि काही तारखांच्या कोपऱ्यात बारीक गोल. एका तारखेला गोलाच्या शेजारी बाबांच्या मोडक्या अक्षरात "माळ" असं लिहिलं होतं. त्यावरून उलगडा झाला. अक्का ओढ्याकाठी भाताच्या लावणीला नऊ दिवस आली होती आणि माळावर रताळ्याचे वेल लावायला पाच दिवस. ती दोन्हीला लावणच म्हणत होती, आणि ते बरोबरच होतं. आम्ही फक्त भात मोजलं. गोल मोजले, चौदा भरले.

त्या वर्षी बाईची हजेरी 250 रुपये होती. पाच दिवसांचे 1,250 रुपये घेऊन आम्ही संध्याकाळी तिच्या घरी गेलो. आम्हांला वाटलं होतं, कॅलेंडर दाखवावं, चूक झाली म्हणावं, पैसे द्यावेत. अक्का चुलीपुढे भाकरी करत होती. तिने पान हातातही घेतलं नाही. तिला वाचता येत नाही. तिने फक्त मागच्या भिंतीकडे बोट केलं. चुन्याच्या भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघा होत्या. नऊ रेघांवर ओल्या बोटाने पुसल्याचा डाग होता. पाच तशाच होत्या.

"मला ठावं होतं, बाबास्नी ठावं होतं," ती म्हणाली. "तुमास्नी ठावं न्हवतं, मग भांडून काय करायचं?"

मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी, असं अनुवादाच्या पुस्तकात मोशेच्या नियमात आहे. याकोबाच्या पत्रात तर शेत कापणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानापर्यंत जाते, असं म्हटलं आहे. हे उतारे आम्ही चर्चमध्ये स्वतः वाचले आहेत, मायक्रोफोनसमोर उभं राहून. त्या मजुरीची ओरड कशी असते ते त्या दिवशी पाहिलं. ती कोळशाच्या पाच रेघांची होती, आणि पाच महिने तिथे होती. आगमनकाळातल्या प्रायश्चित्त संस्काराला आम्ही दोघंही गेलो. काय बोललो ते इथे लिहायचं कारण नाही.

बाजारातून दोनशे पानी वही आणली ती त्यानंतर. पहिल्यांदा एक जानेवारीला सुरू केली आणि महिन्याभरातच लक्षात आलं की शेतीचं वर्ष जानेवारीत बदलत नाही. ऊस उभा असतो, भात कणगीत असतं, अर्धा खर्च अलीकडे आणि अर्धं उत्पन्न पलीकडे. आता आमचं वहीचं वर्ष 15 मेला, संत इसिदोरच्या सणाला सुरू होतं. शेतकऱ्यांचा हा आश्रयदाता संत स्वतः दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारा मजूर होता, आणि त्याची बायको मरिया हीदेखील संत मानली जाते. तो प्रार्थनेत असताना देवदूत त्याचा नांगर हाकत असत, अशी कथा आहे. आमच्यातल्या एकाचा प्रश्न असा की देवदूतांची हजेरी कोणत्या रकान्यात लिहावी. दुसरीचं उत्तर, "आधी स्वतःची लिहा."

आमचा मुलगा कॉमर्सला आहे. त्याने एकदा सांगितलं की जमाखर्चाच्या ज्या पद्धतीवर सगळं जग चालतं, ती छापील पुस्तकात पहिल्यांदा नीट मांडली एका फ्रान्सिस्कन संन्याशाने. त्याचं नाव लुका पाचोली, पुस्तक निघालं व्हेनिसमध्ये 1494 साली. पद्धत त्याने शोधली नव्हती, व्हेनिसचे व्यापारी ती आधीच वापरत होते, त्याने ती लिहून सगळ्यांसाठी मोकळी केली. त्याने तीन वह्या सांगितल्या. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचं तर कच्ची वही, रोजकीर्द आणि खतावणी. आणि पहिल्या वहीवर क्रुसाची खूण करावी, कामाला देवाच्या नावाने सुरुवात करावी, असंही सांगितलं. हे ऐकून आम्हांला फार बरं वाटलं. आमच्या शेजारचे दुकानदार वहीच्या माथ्यावर "श्री" लिहितात, आम्ही आता क्रूस काढतो. तीन वह्या मात्र आम्हांला झेपल्या नाहीत. दोन आहेत. एक रोजची, दुसरीत प्रत्येक तुकड्याचं वेगळं पान.

रोज लिहायची सवय लागणं हेच खरं अवघड. पहिल्या महिन्यात तीनदा खाडा पडला आणि खाडा पडला की मागचं आठवून लिहायचं, म्हणजे पुन्हा अंदाज. शेवटी वही अल्तारापाशी ठेवली, रोझरीच्या माळेशेजारी, पेन्सिल दोऱ्याने बांधून. संध्याकाळी रोझरीला बसायच्या आधी पाच मिनिटं वही. आज कोणत्या तुकड्यात काय काम झालं, कोण कोण आलं, पूर्ण दिवस की अर्धा, पैसे दिले की राहिले, काय विकत आणलं, काय विकलं, दूध किती. आमच्यातली जिचं अक्षर बरं आहे ती लिहिते, दुसरा सांगतो. "पाचशे गेले, कशाला ते आठवत नाही," असं झालं तर तसंच लिहायचं, असं ठरवलंय. पहिल्या वर्षी "आठवत नाही" या नावाने 6,340 रुपये गेले. पुढच्या वर्षी तो आकडा बराच उतरला. तो सगळाच बुद्धीमुळे उतरला असं नाही, लिहावं लागेल या लाजेनेही उतरला.

पावत्या बिस्किटाच्या जुन्या डब्यात जातात. हा डबा कशासाठी, ते एका खरिपाने शिकवलं. माळाच्या एका पट्टीत सोयाबीन पेरलं होतं, पाऊस बरा झाला, तरी निम्मंसुद्धा उगवलं नाही. दुकानात गेलो तर पहिला प्रश्न आला, बिल कुठे आहे? पिशवी? तिच्यावरचं लेबल? पिशवीत आम्ही गोठ्यातला भुसा भरला होता, लेबल शेतात पडलं असेल, बिल घेतलंच नव्हतं, उधारीवर आणलं होतं ना. तक्रार करायला या तिन्ही वस्तू लागतात आणि मूठभर शिल्लक बियाणं राखून ठेवलेलं असलं तर फार उपयोगी पडतं. आमच्याकडे फक्त राग होता. आता बिल, लेबल आणि मूठभर दाणे डब्यात असतात. त्यावरून बायका हसतात, हसू देत.

उसाचं पान भरायला लागल्यावर कळलं की आम्ही ज्याला उसाचा नफा म्हणत होतो तो बऱ्याच अंशी विसरभोळेपणा होता. लावण, खत, पाणी यांचा खर्च ढोबळ लक्षात असतो. पण तोडणीच्या टोळीला द्यायची खुशाली, ट्रॅक्टरवाल्याचं वेगळं, फडात ट्रॉली रुतली तर काढायला दुसरा ट्रॅक्टर, टोळीचा चहा-नाश्ता, हे कधी कोणी मोजत नाही. आम्ही त्याला "वरकड" नावाचा रकाना दिला. तो रकाना बघून दोन रात्री झोप नीट लागली नाही. आणखी एक. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत कारखान्याने पैसे द्यायचे असतात. आधी आम्ही नुसते "बिल उशिरा आलं" म्हणून कुरकुरायचो. एका वर्षी मात्र वजनाच्या पावत्या आणि वही घेऊन कार्यालयात गेलो आणि म्हणालो, आमची शेवटची ट्रॉली या तारखेला गेली, आज एकसष्टावा दिवस आहे. कारकुनाने चष्मा काढून आमच्याकडे बघितलं आणि चहा मागवला. पैसे काही त्यामुळे लवकर आले नाहीत, सगळ्यांचे आले तेव्हाच आमचे आले. पण त्या खुर्चीत आम्ही वेगळे बसलो होतो.

गायीची गोष्ट जरा निवांत सांगावी लागेल. संकरित गाय, पहिल्या दोन वेतांना चांगलं दूध दिलं, मग भाकड राहिली. दोनदा भरवली, ठरेना. पेंडीचं पोतं महिन्याला संपतंय आणि दूध शून्य. वहीतलं तिचं पान एकाच बाजूने भरत होतं. आकडे इतके स्पष्ट होते की आम्ही बाजारात न्यायचं ठरवलं. व्यापारी बघूनही गेला. वही नसती तर दयेने ठेवली असती, वही होती म्हणून विकायला निघालो. वहीचा हाही एक धोका आहे, तो झाकायला नको.

त्याच आठवड्यात जनावरांचे डॉक्टर शेजारच्या म्हशीकडे आले होते. त्यांनी सहज विचारलं, माजावर कधी कधी आली त्या तारखा आहेत का? आम्ही वही पुढे केली. त्यांनी बोट ठेवून दिवस मोजले. वीस, एकवीस, बावीस, एकवीस. ते म्हणाले, हिचं चक्र एकवीस दिवसांवर अगदी ठीक चाललंय, म्हणजे गाय वांझ नाही, आत कुठे तरी सूज किंवा संसर्ग आहे म्हणून ठरत नाही. औषध झालं, खनिज मिश्रण सुरू केलं, आणि पुढच्या माजाची तारीख आम्हांला आधीच ठाऊक असल्यामुळे वेळ चुकली नाही. गाभण राहिली. नऊ महिने नऊ दिवस धरून तारखेवर खूण केली, दोन महिने आधी आटवली, आणि खुणेच्या तीन दिवस पुढे कालवड झाली. आज गोठ्यात दोघी आहेत.

तेव्हा आम्हांला लूकमधलं ते अंजिराचं झाड आठवलं. मालक म्हणतो, तीन वर्षं फळ बघायला येतोय, तोडून टाक. मालकाचा हिशेब चुकीचा नव्हता, तीन वर्षं त्याला पक्की आठवत होती. माळी त्याच्याशी आकड्यावर वाद घालत नाही. तो आणखी एक वर्ष मागतो, पण नुसतं वर्ष मागत नाही, भोवती खणीन, खत घालीन, असं कामही सांगतो. त्या झाडाला पुढे फळ आलं की नाही, ते प्रभूने सांगितलेलं नाही. आमच्या गायीला आलं, एवढंच आम्ही सांगू शकतो. सगळ्या गायींना येतं असं नाही.

हे सगळं एकदा विभागाच्या प्रार्थनासभेत आम्ही उत्साहाने सांगितलं. तिथे एक वयस्कर काका आहेत, बायबल त्यांचं पाठ. ते म्हणाले, "मोजामोजीचा एवढा नाद बरा नव्हे. दाविदाने मोजणी केली, देव कोपला. रानातली फुलं काय वही ठेवतात?" सगळे हसले. त्या संध्याकाळी आम्हांला उत्तर सुचलं नाही, घरी येऊन बायबल काढून बसलो. दाविदाची गोष्ट खरी आहे. त्याने तलवार चालवणारे मोजले, आपलं बळ किती ते बघायला, आणि यवाबाने आधीच नको म्हटलं होतं. पण प्रभूच्या दृष्टांतातल्या मेंढपाळाला शंभरातलं एक कमी आहे हे कसं कळलं? संध्याकाळी मोजल्याशिवाय कसं कळणार? पाच हजारांना जेवू घातल्यावर उरलेल्या तुकड्यांच्या टोपल्या मोजल्या, बारा भरल्या. रूथने दिवसभर सरवा वेचला आणि संध्याकाळी झोडून मापला, एफाभर जव भरले. पुनरुत्थानानंतर तिबेर्याच्या समुद्रावर जाळं ओढलं तेव्हा साक्षात प्रभू काठावर निखाऱ्यांपाशी न्याहारी घेऊन उभा होता, तरीही कोणी तरी मासे मोजले, 153. चमत्कार झाला म्हणून मोजणी थांबली नाही. पुढच्या सभेत हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, "कोळी होते ते, मोजणारच." आम्हांला वाटतं, ते निम्मे पटले. दान-धर्माचं मात्र आम्ही काकांचं ऐकलं. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणून त्याचा वेगळा रकाना नाही, ते "घरखर्च"मध्येच जातं.

आता जे अजून सुटलेलं नाही ते. वहीत रोजची हजेरी लिहिताना दोन आकडे एकाखाली एक यायचे. गडी 400, बाई 250. बाबांच्या काळापासून आम्ही हे देत होतो, गावात सगळेच देत होते, त्यात काही वावगं आहे असं कधी मनात आलं नाही. पण रोज संध्याकाळी, रोझरीच्या आधी, स्वतःच्या हाताने ते लिहायचं म्हणजे वेगळंच. लावणीच्या चिखलात वाकून दिवस काढणाऱ्या सगळ्या बायाच. बांधावर उभा राहून रोपांच्या मुठी टाकणारा गडी, त्याला दीडशे जास्त. द्राक्षमळ्याच्या मालकाने तासभर काम केलेल्यालाही एक दिनारच दिला, हा दृष्टांत तर प्रत्येकाला ठाऊक. आम्ही बाईचे 300 केले, मग 350. गावातले दोघं-तिघं येऊन सांगून गेले, तुम्ही दर बिघडवताय, आम्हांला परवडत नाही. त्यांचंही खोटं नाही, त्यांच्या पानावर वरकड आमच्यासारखंच आहे. तोवर गड्याचे 500 झाले. म्हणजे फरक जिथे होता तिथेच राहिला, दीडशे. हे आम्हांला वहीनेच दाखवलं, आणि वहीत त्याचं उत्तर नाही.

त्यातून आणखी एक गोष्ट निघाली. मुलाने विचारलं, तुम्ही दोघं राबता ते कुठे लिहिता? केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग पिकांचा खर्च काढताना घरच्या माणसांच्या श्रमाचंही मोल धरतो, हे त्याला कॉलेजात शिकवलेलं. मग आम्ही "घरची" असा रकाना काढला आणि एक वर्ष आमचेही दिवस लिहिले. गोठा, दूध, शेण, वैरण हे सगळं धरलं तर आमच्यातल्या एकीचे दिवस दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त भरले. त्या रात्री वही सांगणारा गप्प होता आणि लिहिणारी आकड्याखाली रेघ ओढून उठली. घरची मजुरी धरली तर भात तोट्यात आहे. तरी आम्ही भात करतो. आठ सप्टेंबरला, मरियामातेच्या जन्माच्या सणाला, चर्चमध्ये आशीर्वादाला न्यायची कणसं आपल्याच शेतातली असावीत असं वाटतं, आणि वर्षभर आपलाच तांदूळ शिजावा असंही वाटतं. पण आता ते ठाऊक असून करतो. ओढ्याकाठच्या पानावर तळाला तसं लिहून ठेवलंय, "खाण्यासाठी".

शनिवारी संध्याकाळी हिशेब चुकता होतो. कामाला आलेल्या बाया ओसरीवर बसतात, आम्ही आठवड्याचं पान मोठ्याने वाचतो, प्रत्येकीचे दिवस, प्रत्येकीचे पैसे. ज्यांना सही येते त्या सही करतात. अक्का अंगठा देत नाही, ती पेन्सिल मागून घेते आणि आपल्या नावापुढे बारीक गोल काढते. बाबा काढायचे तसा. तो तिने त्यांच्याकडून घेतला की त्यांनी तिच्याकडून, विचारायचं राहूनच गेलं आहे. तिची भिंत अजून चालू आहे. घरी जाऊन ती आमचं आणि भिंतीचं जुळवून बघते, आणि आम्हांला त्यात काही वाईट वाटत नाही.

गेल्या शनिवारी तिचं नाव वाचलं, सहा दिवस. ती म्हणाली, "न्हाई वैनी. गुरवारी मी अर्धा दिसच आलतो, नातीला ताप हुता. तुमी पुरा लिवलाय."

आम्ही खोडून साडेपाच केले. तिने गोल काढला.